काचेमागचा डबा

त्लेमसेन शहरातल्या एका गल्लीत बायका झुलिखाला हसून डॉक्टरीणबाई म्हणत. नवरा गेल्यावर तिने प्रथमोपचाराचा वर्ग केला होता आणि घरासाठी बिस्किटांच्या निळ्या डब्यात सगळं जमवलं होतं: कापूस, जाळीचं कापड, पट्ट्या, कात्री, आयोडीन, चिमटा, भाजल्यावरचं मलम. पण घरात वस्तू टिकेल तर ना. मुलगा त्या कात्रीने मिशा कापायचा, नात वसिला बाहुलीला पट्ट्या गुंडाळायची. शेवटी झुलिखाने डबा पाहुण्यांच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात, सोनेरी काठाच्या पेल्यांशेजारी ठेवला आणि किल्ली गळ्यात अडकवली. कुणाला काही लागलं तर मी आहे ना, असं तिने सगळ्यांना बजावलं.

एका गुरुवारी ती हम्मामला, बायकांच्या सार्वजनिक न्हाणीघरात, गेली आणि तिथल्या वाफेत, गप्पांत रमली. इकडे वसिलाने कुसकुसच्या रश्श्याचं भांडं ओढलं आणि उकळता रस्सा तिच्या उजव्या हातावर सांडला. सून हौरिया आधी कपाटाकडे धावली, मग शेजारणीकडे. शेजारणीने सगळ्याजणी करतात तेच केलं. मूठभर कॉफीची पूड भाजल्या जागी दाबून बसवली. झुलिखा ओल्या केसांनी परतली तेव्हा नातीचा हात मनगटापर्यंत काळा होता.

तिने शेजारणीला बोल लावले, सुनेला त्याहून जास्त. आधी गार पाणी ओतायचं एवढंही कळू नये? हाताची जखम भरून आली, पण दोन बोटं आखडली ती आखडलीच. त्यानंतर कधीतरी, कणीक मळता मळता हौरिया सासूला, तिच्या लल्लाला, म्हणाली,

"डबा दिसत होता, लल्ला. काचेतून. फोडायला बत्ता घेतला होता मी हातात."

"मग?"

"तुमची काच होती."

गार पाण्याचं झुलिखाने तरी कधी कुणाला सांगितलं होतं? सगळ्यांना सगळं सांगितलं असतं, तर विचारायला तिच्याकडे कोण आलं असतं?

तिने नवी पेटी आणली, बिनकडीची. सामान पुन्हा एकेक करून जमवलं आणि पेटी स्वयंपाकघरात, वसिलाचा हात पोचेल अशा फळीवर ठेवली. सगळ्यांना बसवून शिकवलं. वसिला डाव्या हाताने पट्टी गुंडाळायला शिकली. पहिली पट्टी तिने बाहुलीला बांधली. झुलिखाने ती तशीच राहू दिली.

परवा कांदा चिरताना हौरियाचं बोट कापलं. पेटी तिच्या खांद्याशी होती, झाकण उघडं. बोट मुठीत धरून ती अंगणात झुलिखाकडे आली. फरशीवर थेंब पडत होते.

"लल्ला, एक पट्टी घेऊ का?"

झुलिखाचा हात आपसूक गळ्याशी गेला. तिथे आता किल्ली नव्हती.