मनगटावरची दोरी

फॉर्मलिनचा वास आला की मला आमचं दिलसुखनगरचं स्वयंपाकघर आठवतं. मेडिकलचं पहिलं वर्ष होतं, आणि कितीही साबण लावला तरी तो वास बोटांबरोबर घरी यायचा. त्या दिवशी डिसेक्शन हॉलमध्ये सरांनी आम्हाला अंगठा करंगळीला टेकवून मनगट आत वाकवायला लावलं. माझ्या टेबलाभोवती उभ्या बाकी सगळ्यांच्या मनगटावर कातडीखालून एक दोरी तट्ट उभी राहिली, माझ्या नाही. “तो स्नायू काहींना जन्मतःच नसतो,” सर म्हणाले. घरी आले तर बाबा आणि दादा नव्यानेच घेतलेल्या केबलवर मॅच बघत होते. दोघांचे हात वाकवून पाहिले, दोघांनाही दोरी. “हौ, मग तू आपली नाहीच,” दादा म्हणाला, “सिकंदराबाद स्टेशनवर सापडलीस!” बाबाही हसले. मी हसत हसतच कणीक मळणाऱ्या आईकडे गेले आणि म्हटलं, “तुझा हात दाखव.” ती हसली नाही. “पीठ लागलंय,” म्हणाली, आणि हात धुतल्यावरही कितीतरी वेळ ते पदरात पुसत राहिली. दुसऱ्या दिवशी सरांना विचारलं. आईबापांना असून मुलांना नसू शकतो, त्यात विशेष काही नाही, असं ते म्हणाले. स्नायूचं कळलं, आई का हसली नाही, ते काही केल्या कळेना. आता तिला नीट दिसत नाही, म्हणून रविवारी तिची नखं मीच कापते. तिचा हात बराच वेळ माझ्या हातात असतो. पण अंगठा करंगळीला लाव, असं मी तिला अजून म्हटलेलं नाही.