नैरोबी सहा तास

पृथ्वीच्या पाठीवर अशी दोन शहरं नव्हती, ज्यांच्यामधलं अंतर माझ्या मावशीच्या यजमानांना पाठ नव्हतं. आणि स्वतःच्या पडवीतून जेवायच्या पाटापर्यंत यायला मात्र त्यांना पाऊण तास लागे. वाटेत ते तीनदा अंगणात आणि एकदा बंदरावर जाऊन येत. उभा जन्म शिडाच्या गलबतावर तांडेल म्हणून काढलेला, त्यामुळे न डुलणाऱ्या जमिनीवर त्यांना चैन पडत नसे. बसले तरी एक पाय हलताच. पडवीच्या भिंतीवर जगाचा नकाशा होता. त्यावर गळाच्या दोरीने ते अंतरं मोजत आणि विमानाला किती वेळ लागेल ते वाडीभर सांगत सुटत. एका लग्नात मंगलाष्टकं लांबली, तेव्हा भर मांडवात ते ओरडले, “भटजीनू, इतक्यात विमान मुंबयसून गोव्याक पोचला असता!” भटजी असे बिचकले की, एक मंगलाष्टक गाळूनच त्यांनी अंतरपाट काढला. काकांनी स्वतः विमान पाहिलं होतं ते फक्त खालून.

ह्या वेडाचं मूळ नैरोबीत होतं. एकुलता एक मुलगा तिकडे नोकरीला, त्याला घरी येऊन सहा वर्षं झालेली. “अठ्ठावीसशे मैल, सहा तास,” काका ज्याला त्याला ऐकवत. “मुंबयसून मालवणाक बोटीन येवक हेच्या चौपट!”

एका ज्येष्ठात मुलाचं पत्र आलं: रजा मिळाली, आषाढात विमानाने येतो. मावशीने त्याच दिवशी फणसाची साठं त्याच्यासाठी डब्यात बंद केली. आणि दुसऱ्या दिवशी काका छत्री झटकत पोस्टात माझ्यापुढे उभे राहिले. तारा घेण्याचं काम माझ्याकडे होतं. सरकारी टेबल दिसलं की काका भाच्याशीसुद्धा शुद्ध मराठीत बोलत.

“मास्तर, तार घ्या. नारळी पौर्णिमेआधी निघू नये. वडील.”

“अहो काका, विमान आहे ते! पावसातही उडतं.”

“आपण बसला आहात विमानात?”

“नाही.”

“मग? मधली सगळी वाट दर्यावरून. खाली दर्या बंद, तर वरचा रस्ता उघडा कसा?” आणि एकदम टेबलावर वाकून, हलक्या आवाजात म्हणाले, “माझो भाव आषाढातच बुडालो रे. तेका थांब म्हणूक माझा तोंड उघडला नाय.”

मी तार पाठवली.

मुलगा बापाच्या शब्दाबाहेर नव्हता. तो थांबला, रजा सरली, दुसरी मिळेना. मावशीने नवऱ्याशी बोलणंच टाकलं. मला मात्र तिने गाठलं. “तेंचा एक सोड. पण तू शिकलेलो मरे, तू कित्याक धाडलंस?”

नारळी पौर्णिमेला तिने काकांच्या पिशवीत दोन नारळ घातले आणि त्यांच्यादेखत मला म्हणाली, “सांग तेंका, एक दर्याक, एक वरच्या वाटेक. मोकळी होवंदे ती.”

आम्ही दोघं किनाऱ्यावर गेलो. पहिला नारळ काकांनी सवयीने पाण्यात सोडला, हात जोडले. दुसरा दोन्ही हातांत धरून ते वर बघत राहिले.

“ह्यो खंय सोडूचो रे?” त्यांनी विचारलं.

लाटा गुडघ्यांपर्यंत आल्या, तरी ते जागचे हलले नाहीत.