‘हात’ हा शब्द बंद केल्याची हकिगत

माझ्या लाडक्या दोघांनो,

मागच्या रविवारी व्हिडिओवर तुमच्या बाबाने तुम्हाला हसत हसत सांगितलं, की आजीने एका माणसाला हात मोडला म्हणून ग्रुपमधून हाकलून दिलं. तुम्ही दोघंही खूप हसलात. मग धाकटीने विचारलं, “पण आजी, हात मोडण्यात त्याची काय चूक?” तेवढ्यात तुमची पोहायला जायची वेळ झाली आणि प्रश्न तसाच राहिला. पुढच्या महिन्यात तुमच्या चुलत दादाची पासिंग आउट परेड आहे. तुम्ही येणार आहात आणि तिथे तो माणूस तुम्हाला भेटेल. त्याच्याकडे बघून तुम्हाला हसू येऊ नये, म्हणून आताच सगळं लिहून पाठवते. हसायचंच असेल तर माझ्याकडे बघून हसा. त्याला भरपूर वाव आहे.

दादा लष्करी अकादमीत गेला तेव्हा त्याच्या तुकडीतल्या मराठी मुलांच्या पालकांनी फोनवर एक ग्रुप काढला. मुलांना फोन मिळतो रविवारी, तोही थोडा वेळ. बाकीचे सहा दिवस मुलगा कुठे आहे, जेवला का, पडला का, हे कळायला हा ग्रुप एवढाच आधार. तुमच्या काकाला ऑफिसातून आणि काकूला आरोग्य केंद्रातून सवड नाही. घरात रिकामी मीच. म्हणून पालक म्हणून माझा नंबर दिला गेला.

महिन्याभरात मी ग्रुपची अ‍ॅडमिन झाले. मला कोणी निवडलं नाही. लोक तारखा कशाही लिहीत, म्हणून मी तक्रार केली, आणि ज्या बाईंनी ग्रुप काढला होता त्यांनी तो लगेच माझ्या गळ्यात घालून टाकला. त्यांची सुटका झाली हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

तुम्हाला माझं स्वयंपाकघरातलं फडताळ आठवत असेल. डब्यांवर इंग्रजी चिठ्ठ्या आणि डबे एबीसीडीप्रमाणे. हळद ‘टी’मध्ये, मोहरी ‘एम’मध्ये. तुमची काकू इतकी वर्षं फोडणी करपवते आहे ती त्यामुळे, स्वयंपाक येत नाही म्हणून नव्हे. इंग्रजी शाळेत शिकले, पुढे जन्मभर इंग्रजीच शिकवलं, आणि व्यवस्थितपणा म्हणजेच शहाणपण असा माझा समज झाला. तुमचे आजोबा मला ‘मास्तरीनबाई’ म्हणतात ते कौतुकाने नाही.

तर मी ग्रुपला नियम केले. आधी इंग्रजीत लिहिले, मग त्यांचं मराठी केलं. दुसरा नियम होता: कृपया प्रमाण मराठीत लिहावे. चौथा होता: राजकारण वर्ज्य.

चौथा नियम काही मी हौसेने केला नव्हता. निवडणूक जवळ आली होती. एक निवृत्त सुभेदार आणि एक औषधांचे दुकानदार, दोघांचेही मुलगे एकाच खोलीत राहणारे जिवलग मित्र, आणि बाप इथे एकमेकांचे पूर्वज काढत होते. त्या गदारोळात एका आईने विचारलं होतं की मुलं कॅम्पवरून सुखरूप परत आली का. तिला उत्तरही मिळालं होतं, पण ते भांडणाखाली गाडलं गेलं. दोन दिवस ती बाई उपाशी राहिली. त्यानंतर मी राजकारण बंद केलं, आणि ते बरोबरच केलं असं मला अजूनही वाटतं.

पण माणसं हुशार असतात. इथे प्रत्येक पक्षाला निवडणुकीचं चिन्ह असतं आणि लोक पक्षाचं नाव न घेता नुसतं चिन्ह सांगतात. कोणी ‘कमळ’ म्हणतं, कोणी ‘हात’, कोणी ‘घड्याळ’, कोणी ‘मशाल’. नियम आल्यावर सुभेदार कोड्यात बोलू लागले. “यंदा तळ्यात पाणी चांगलं आहे,” असं लिहायचे. दुकानदार उत्तर द्यायचे, “घड्याळात किती वाजले ते बघा.” मग मी निषिद्ध शब्दांची यादी केली आणि सगळी चिन्हं तिच्यात घातली. आपल्या भागात एका अपक्षाला शिट्टी मिळाली होती, म्हणून शिट्टीही घातली. यादीतला शब्द दिसला की मेसेज काढून टाकायचा. आणि प्रत्येक गुन्हा मी एका वहीत लिहून ठेवायचे: नाव, तारीख, शब्दशः मजकूर, केलेली कारवाई.

पहिल्याच आठवड्यात एका आईने शुभ सकाळ म्हणून लक्ष्मीचं चित्र पाठवलं. लक्ष्मी कशावर बसलेली असते ते तुम्हाला ठाऊक आहे. मी चित्र काढून टाकलं. मग अकादमीतून सूचना आली की मुलांना काळ्या पट्ट्याचं साधं घड्याळ हवं. कोणतं घ्यायचं हे विचारायची सोय उरली नव्हती. एका वडिलांनी लिहिलं, “मनगटावर बांधायचे वेळ दाखवणारे यंत्र कुठे स्वस्त मिळेल?” त्याच्याखाली चाळीस जणांनी हसरे चेहरे टाकले. मला वाटलं, नियम चांगला रुजला.

आणि माझ्या स्वतःच्या नियमांच्या शेवटी ‘हात जोडून विनंती’ असं लिहिलेलं होतं. ते महिनाभर तसंच वर झळकत होतं. कोणी मला सांगितलं नाही. घाबरत असावेत.

निकालाच्या दिवशी मी सकाळपासून चष्मा लावून, चार्जर जोडून बसले होते. कोणाचं काय झालं ते इथे लिहीत नाही. चौथा नियम अजून लागू आहे. दुपारी एक मेसेज आला, अहिराणीत:

“हात मोडना. आते काय व्हई?”

म्हणजे, हात मोडला, आता काय होणार? पाठवणारे होते खांडबाऱ्याचे एक शिंपी. वर्षभरात ग्रुपवर एक अक्षर न लिहिलेला माणूस. मी मनात म्हटलं, बघा, मुकी माणसंसुद्धा आज पेटली. नियम दोनचा भंग, नियम चारचा भंग. मी मेसेज काढला, त्यांना ग्रुपमधून काढलं, वहीत नोंद केली आणि दुपारचा चहा केला. चहा चांगला झाला होता, हेही आठवतं.

त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी दादाचा फोन आला. आजोबा शेजारी शेंगा सोलत होते. दादा म्हणाला, “आजी, आमच्यातल्या खांडबाऱ्याच्या मुलाचं मनगट मोडलंय. अडथळ्याच्या भिंतीवरून पडला. प्लास्टर आहे, बाकी ठीक आहे तो. पण त्याचे बाबा फोनवर बोलतच नाहीत. नुसतं हं हं करतात आणि रडतात. ग्रुपवरही त्यांचं नाव दिसत नाही म्हणे. त्यांना कोणी काढलं का गं?”

मी म्हटलं, “राजकारण केलं होतं त्यांनी.”

आजोबांनी शेंगा खाली ठेवल्या. “आन तुन्ही वही,” म्हणाले. मी वही आणली. त्यांनी ती लांब धरून वाचली, मग माझ्याकडे बघितलं.

“काय वं मास्तरीनबाई, हाऊ माणूस राजकारण करी ऱ्हायना का रडी ऱ्हायना?”

पन्नास वर्षं मी या घरात अहिराणी ऐकते आहे. तुमच्या बाबाला आणि काकाला लहानपणी ‘मन्हा’ म्हटलं की मी ‘माझा’ म्हणायला लावायचे. भाषा मला येत नाही असं नाही. ‘मोडना’ म्हणजे काय ते मला चांगलं कळतं. त्या दिवशी मी वाक्य वाचलंच नव्हतं. मी फक्त यादी वाचली होती.

मी लगेच ग्रुपवर विचारलं, की ट्रेनिंगमध्ये मुलाचा हात मोडला तर पुढे काय होतं. पाच मिनिटांत नागपूरच्या एका आईचं उत्तर आलं. तिच्या थोरल्या मुलाचं तिथेच गळ्याचं हाड मोडलं होतं. मुलाला घरी पाठवत नाहीत, तिथल्याच दवाखान्यात ठेवतात. वर्ग चालू राहतात, मैदान तेवढं बंद. फारच दिवस गेले तर मुलगा एक टर्म मागे पडतो, पण नाव काढत नाहीत. शेवटी तिने लिहिलं, “मॅडम, हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. त्यांचा मेसेज मला दिसलाच नाही.”

दिसणार कसा?

शिंप्यांचा फोन लागेना. संध्याकाळपर्यंत मी तो अठरा वेळा लावला. सोमवारी सकाळी मी खांडबाऱ्याला जायला निघाले तर आजोबाही टोपी घालून तयार. मी म्हटलं, “तुम्ही कशाला?”

“मी बी येस. तुले अहिराणी समजस नही. दुभाषी लागी.”

नंदुरबारहून पॅसेंजरने आम्ही गेलो. सगळ्या वाटेत मी माफीचं छोटं भाषण पाठ करत होते, आणि ते इंग्रजीत सुचत होतं. स्टेशनजवळच त्यांचं दुकान निघालं. एका खोलीत दोन शिलाई मशीनं. एकावर ते स्वतः काम करत होते. दुसरं नुकतंच पुसलेलं, तेल घातलेलं, त्याच्यासमोर रिकामं स्टूल. मी नाव सांगितलं तसे ते उठून उभे राहिले. गळ्यातली टेप त्यांनी काढून हातात घेतली, साहेबासमोर टोपी काढावी तशी.

“तुमीन कसाले उनात, मॅडम? मी मशीन तयार ठेवेल शे.”

कशाला आलात, मशीन तयार ठेवलंय, एवढं समजलं; पण कशासाठी ते कळेना. मी आजोबांकडे बघितलं. दुभाष्यालाही कळलं नव्हतं.

मग ते हळूहळू, माझ्यासाठी शाळेतली मराठी शोधत बोलू लागले. पडल्यावर मुलाला दवाखान्यातून घरी एक फोन करू दिला होता, तेव्हा त्यांनी घाबरून ग्रुपवर विचारलं होतं. उत्तराऐवजी फोनवर दिसलं, की तुम्हाला काढून टाकलं आहे. त्यांना वाटलं, ग्रुप अकादमीचाच. हात मोडलेला मुलगा फौजेच्या काय कामाचा, म्हणून त्याचं नाव काढलं, आणि नाव काढलं म्हणून बापालाही काढलं.

“मी समजनू, पोऱ्यालेच काढी टाकं,” ते म्हणाले. “तो फोनवर म्हणे, सगळं ठीक शे. मी म्हटलं, बापाला वाईट वाटू नये म्हणून खोटं बोलतो. रविवारी त्याचा फोन तेवढा घ्यायचो, बाकी वेळ फोन बंद ठेवायचो. अकादमीतून फोन येईल, पोरगा घेऊन जा म्हणतील, अशी भीती. मग हे दुसरं मशीन साफ केलं. म्हटलं, आला की इथं बसवू.”

तेरा दिवस तो माणूस त्या रिकाम्या स्टुलासमोर बसून लोकांचे कपडे शिवत होता.

माझं पाठ केलेलं भाषण कुठे गेलं कोण जाणे. मी म्हटलं, “त्याला काढलेलं नाही. तुम्हाला मी काढलं. चुकून. मला वाटलं, तुम्ही निवडणुकीचं लिहिलंय.”

“निवडणूक?” त्यांनी आजोबांना विचारलं. “कोन्ही निवडणूक, दादा?”

आजोबांनी आपला हात वर करून पंजा दाखवला. शिंप्यांनी त्या पंजाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मग ते इतके हसले की त्यांना मशीनला धरून बसावं लागलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते सगळंच हसण्याचं होतं असं मी म्हणणार नाही. मी नागपूरच्या बाईंचा मेसेज त्यांना वाचून दाखवला. त्यांनी तो आणखी एकदा वाचायला लावला. मग मी त्यांचं त्या बाईंशी बोलणं करून दिलं आणि बाहेर येऊन बाकावर बसले. आत ते अहिराणीत बोलत होते, त्या नागपुरी बोलत होत्या, आणि प्रमाण मराठी एकालाही लागली नाही.

चहा त्यांनीच मागवला. निघताना आजोबा त्यांना म्हणाले, “बाईना घरमा हळद ‘टी’मा ऱ्हास. तुमीन लई लवकर सुटनात.”

घरी येऊन मी यादी काढून टाकली. दुसरा नियमही काढला. नियमांतली ‘हात जोडून विनंती’ ठेवली. सुभेदारांनी तेवढ्यात एकदा तळ्याची चौकशी केली, तर मी त्यांना खाजगीत फोन केला आणि दहा मिनिटं त्यांच्या गुडघ्याबद्दल ऐकलं. हा उपाय यादीपेक्षा लांबलचक आहे, पण चालतो.

त्या मुलाचं मनगट जुळलं आणि तो मागे पडला नाही. परेडला तो दादाच्याच रांगेत असेल, आणि वडील तुम्हाला भेटतील ते स्वतः शिवलेल्या कोटात. तुमच्यासाठी काही शिवू का, असं त्यांनी दोनदा विचारलंय. मापं पाठवा, सेंटिमीटरमध्ये नव्हे, इंचांत.

ग्रुप चालू आहे. चौथा नियम आहे. शिंपी अजून प्रत्येक मेसेजची सुरुवात “मॅडम, हाई राजकारण नही शे” अशी करतात. आणि निकालाच्या दिवसापर्यंत मागे गेलं, की त्यांच्या प्रश्नाच्या जागी ‘हा मेसेज अ‍ॅडमिनने काढून टाकला’ अशी एक करडी ओळ दिसते. ती मला पुसता येत नाही. ती अजून तिथे आहे.