आकारामआबांचा मुका सामना

कल्पना करा, तुम्ही मैदानाच्या कडेला उभे आहात. तुमची नात बचावफळीत खेळतेय. चेंडू तिच्या पायाशी आलाय, समोरून एक दांडगी पोरगी सुसाट येतेय, आणि ती नातीला दिसली की नाही हे तुम्हाला कळत नाही. अशा वेळी तुम्ही तोंड उघडायचं नाही. हूं की चूं नाही. आणि हे सगळा सामना संपेपर्यंत करायचं. तेही कोल्हापुरात, जिथं रविवारचा सामना बघून सोमवारी कामावर गेलेल्या माणसाचा घसा बसला नसेल, तर लोक विचारतात, ‘काल आला नव्हतास काय?’

मंगळवार पेठेतल्या आकारामआबांवर ही वेळ आली.

आबांची सगळी नोकरी फौंड्रीत झाली. शेवटची वर्षं कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत. तिथं यंत्रांच्या खडखडाटावरून पलीकडच्या माणसाला हाक मारायची म्हणजे बेंबीच्या देठापासून आवाज काढावा लागतो. तोच आवाज आबा सुट्टीच्या दिवशी स्टेडियमवर घेऊन जात. लोक म्हणत, रेफ्रीची शिट्टी नाही ऐकू आली तरी चालेल, आकाराम ओरडला की कळतं काय झालं ते. पेठेच्या गोलकीपरनं गोल खाल्ला तर आबा त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस करत, आणि तोच पोरगा संध्याकाळी कट्ट्यावर भेटला की हाताला धरून त्याला चहा पाजत.

त्यांची नात संयोगिता तेरा वर्षांची. घरात एवढी अबोल की तिची आई वर्षाराणी म्हणायची, हिच्या तोंडून ‘मीठ दे’ एवढे दोन शब्द ऐकायचे म्हणून आमटी अळणी करावी लागते. ही पोरगी ‘उगवती’ फुटबॉल क्लबात निवडली गेली तेव्हा पेढे आबांनीच वाटले.

उगवतीची निवड कडक. पण पोर घेतलं की त्याचं घरही घ्यायचं, असा तिथला शिरस्ता. रविवारी सकाळी आयांचा सामना व्हायचा. कुणी पदर खोचून, कुणी ट्रॅकपँटवर. लहान झालेले बूट एका पेटीत टाकायचे आणि ज्याच्या पायाला येतील त्यानं ते न्यायचे. मैदानावर फक्कीच्या पांढऱ्या रेषा आखायचं काम आळीपाळीनं एकेका घराकडं, महिनाभर. आबांची पाळी असली की रेषा सुतात असायच्या. प्रशिक्षक संगमेश हा कुरुंदवाडचा इंजिनिअर, आठवडाभर नोकरी करून उरलेला जीव मैदानाला दिलेला. आबांच्या रेषांचे तो फोटो काढून ठेवायचा.

मग एका स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात घात झाला. चेंडू संयोगिताकडं आला. मागं गोलकीपर सौंदर्या मोकळी होती, ते तिनं बघितलंही होतं, पाय तिकडं वळलाही होता. तेवढ्यात कडेवरून आभाळ फाटल्यासारखा आवाज आला, “मार बाहेर!” पाळण्यात असल्यापासून ओळखीचा आवाज. पायानं मेंदूला विचारलंच नाही. अर्धा मागं, अर्धा बाहेर असा तो फटका घसरला आणि थेट समोरच्या पोरीच्या पायात गेला. गोल. उगवती हरली.

घरी आल्यावर संयोगितानं बूट धुतले, उन्हात ठेवले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, “आबा, तुमी मॅचला येऊ नका. आलासा तर मी खेळणार न्हाय.”

वर्षाराणीनं तिला दटावलं, पण आबांनी तिचं ऐकलं. पुढच्या रविवारी फक्की मारून ते सामना सुरू व्हायच्या आत घरी परतले. त्याच्या पुढच्या रविवारीही तसंच. स्वतः आखलेल्या रेषांच्या आत नात कशी खेळते, हे त्यांना इतरांकडून कळू लागलं. शेवटी न राहवून ते संगमेशकडं गेले आणि उलट त्यालाच झापू लागले, की आजानं नातीचा खेळ बघायचा नाही, हा कुठला तुमचा क्लब.

संगमेशनं ऐकून घेतलं. मग म्हणाला, तक्रार एकट्या संयोगिताची नाही. बाप एक ओरडतो, मामा दुसरंच, मी तिसरं, आणि पोरं आपलं डोकं वापरायचं सोडून आमची तोंडं बघतात. म्हणून एक मुका सामना घ्यायचा त्याच्या मनात होतं. कडेच्या कुणी अवाक्षर काढायचं नाही, प्रशिक्षकानंसुद्धा. टाळी चालेल. “आबा, तुमाला जमणार असंल तर मी तिला विचारतो.”

“श्वास घेतला तर चालतंय न्हवं?” आबा म्हणाले.

संयोगितानं होकार दिला, पण एका अटीवर. एक शब्द जरी आला, तर आबांनी पुन्हा मैदानावर यायचं नाही.

त्या रविवारी येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर लिमलेटची गोळी ठेवली गेली. तोंड गुंतलेलं बरं. आबांनी दोन मागून घेतल्या. त्यांचा जुना जोडीदार जोतीराम मुद्दाम शेजारी येऊन उभा राहिला आणि कानाशी पुटपुटला, “आकाराम, उद्यापन कधी हाय ह्या मौनाचं?” आबांनी त्याच्याकडं नुसतं बघितलं. जोतीराम दोन पावलं सरकला.

शिट्टी वाजली. पहिली काही मिनिटं आबांना आपण पाण्याखाली आहोत असं वाटलं. मग हळूहळू ऐकू यायला लागलं. चेंडूला पाय लागल्याचा आवाज. चांगला बसला तर भरीव, चुकला तर पोकळ. गवतातून बूट खरवडल्याचा. धावून दमलेल्या पोरींच्या श्वासाचा. आणि बोलण्याचा. पोरी सारख्या बोलत होत्या. “मागं माणूस हाय.” “मोकळी हाय मी, दे की.” “थांब, घाई करू नको.” एवढी वर्षं आबा मैदानाकडं बघत आले होते; आत एवढं बोलणं चालतं, याचा त्यांना पत्ताच नव्हता. कसा असणार? त्यावर तेच ओरडत होते.

या बोलण्यात एक आवाज सगळ्यांच्या वर होता. खणखणीत, पोटातून येणारा. कुणी कुठं उभं राहायचं, कुणी पुढं जायचं, कधी थांबायचं, तो सांगत होता आणि अख्खी फळी दोरीनं बांधल्यासारखी हलत होती. आबांनी त्या आवाजाची पोरगी शोधली. ती संयोगिता होती. अळणी आमटी गुमान खाणारी. आवाज तर थेट त्यांचाच, फौंड्रीतला. फक्त त्यात शिवी नव्हती.

आबांची गोळी तोंडात तशीच राहिली.

आणि मग पुन्हा तीच वेळ आली. चेंडू तिच्या पायाशी, समोरची दांडगी धावत आलेली. आबांच्या गळ्याशी ‘मार’ येऊन थांबला. त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलचा बोळा दातात धरला. संयोगितानं मान वर केली, चेंडू तळव्याखाली घेतला, डावीकडं जातेय असं दाखवलं आणि उजवीकडून वळली. ती पोरगी रिकाम्या जागेत धावत गेली. मग संयोगितानं सावकाश, देवाला फूल वाहावं तसा, चेंडू सौंदर्याकडं दिला. आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. हे त्यांनी कुणाला शिकवलं नव्हतं, त्यांना येतही नव्हतं.

उत्तरार्धात मात्र सौंदर्याच्या हातातून साधा चेंडू निसटला आणि गोल झाला. सौंदर्या तोंड झाकून खाली बसली. संयोगिता चालत तिच्यापाशी गेली, गुडघ्यावर बसली, कपाळाला कपाळ लावलं आणि काहीतरी म्हणाली. दोन-चार शब्दच असतील. सौंदर्या रडता रडता हसली, फसकन. उठली, हातमोजे झटकले. त्यानंतर तिनं एकही चेंडू आत जाऊ दिला नाही. पुढं उगवतीनंही एक गोल फेडला आणि सामना एक-एक असा सुटला.

घरी जाताना संयोगिता आबांच्या बरोबरीनं चालत होती. बरंच अंतर गेल्यावर म्हणाली, “पुढच्या रविवारी या की.”

आबांनी मान हलवली. तोंड उघडायची अजून सवय झाली नव्हती. मग त्यांनी विचारलं, की सौंदर्याला तू काय म्हणालीस?

“ते आमच्यातलं हाय, आबा.”

आता ते दर रविवारी असतात, टॉवेल खांद्यावर, गोळी तोंडात. त्यांनी सौंदर्यालाही विचारून पाहिलं. ती नुसती हसते. गोल खाल्लेल्या गोलकीपरला काय म्हणायचं, याचे शंभर प्रकार आबांना तोंडपाठ आहेत. रात्री पडल्या पडल्या ते एकेक आठवून बघतात. त्यातल्या एकानंही कुणी हसून उठलेलं त्यांना आठवत नाही.

मग असं काय म्हणाली असंल ती?