पत्र्याच्या वॉर्डाची खोकी

"आंटी, हा 'टिन वॉर्ड' कुठे असतो?" शॅरनने फोन थेट इव्हाच्या नाकासमोर धरला.

मरोळ गावठाणातल्या चर्चमागच्या हॉलमध्ये त्यांचं शनिवारचं काम चालू होतं. बंद पडलेल्या नर्सिंग होममधलं सामान, कंपन्यांचा उरलेला माल, गेलेल्या माणसांच्या कुबड्या, असं सगळं इथे जमायचं आणि निवडून, पॅक होऊन परदेशातल्या गरजू हॉस्पिटलांना जायचं. गावठाणातल्याच शॅरनने हा ग्रुप सुरू केला होता, आणि इव्हा परेरा त्यातली सगळ्यात जुनी नर्स.

फोनवर फोटो होता. टांझानियातल्या एका लहानशा मिशन हॉस्पिटलचं गोदाम, त्यात खोक्यांची थप्पी, आणि प्रत्येक खोक्यावर इव्हाच्या गोलमटोल इंग्रजी अक्षरात काळ्या मार्करने लिहिलेलं: टिन वॉर्ड.

"मुलांचा वॉर्ड," इव्हा म्हणाली. "वर पत्रे होते. सगळे तसंच म्हणायचे."

"कधी?"

"मी होते तेव्हा."

"त्याला तीस वर्षं झाली, आंटी. तिथल्या स्टोअरवाल्याला वाटलं, दुसऱ्या हॉस्पिटलचा माल चुकून आला. महिनाभर हात नाही लावला त्याने. पोरांचे नेब्युलायझर होते त्यात."

"वाट लागली," सहदेव म्हणाला. भांडुपचा सहदेव मूळचा मालवणकडचा, कुरिअर कंपनीतून रिटायर झालेला. खोक्यांना पट्ट्या आवळायचं काम त्याचं. "इव्हाबाय, उद्या मी पण लिवतंय, 'वडाच्या मागे, जुन्या घराक.' बघूया खंय पोचता."

इव्हा हसली नाही. तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

तिशीही गाठली नव्हती तेव्हा ती त्या हॉस्पिटलात नर्स म्हणून गेली होती. दोन वर्षांसाठी म्हणून गेली आणि अकरा वर्षं राहिली. मग आईला पॅरालिसिसचा झटका आला, आणि इव्हा एक बॅग घेऊन मरोळला परतली. बाकीचे कपडे तिकडच्या खुंटीवरच राहिले. आई अंथरुणाला खिळली ती वर्षानुवर्षं. आईला माती दिली तोवर इव्हाचे केस पिकले होते आणि परत बोलावणारं कोणी उरलं नव्हतं. चकाल्याच्या एका नर्सिंग होममध्ये नाइट ड्युट्या करून ती घरी बसली. रोज संध्याकाळी गॅलरीत उभी राहून विमानं बघायची. एअरपोर्ट जवळ असलेल्या माणसाचे फार हाल.

मग एका शनिवारी सामान मागणाऱ्यांत त्याच हॉस्पिटलचं नाव निघालं. ती कोणाला काही बोलली नाही. फक्त त्या दिवसापासून मार्कर तिने कोणाच्या हातात दिला नाही.

"तू विसरून लिहिलंस ना?" शॅरनने विचारलं.

"नाही. मुद्दाम."

"म्हणजे?"

"वाटलं, कोणीतरी वाचेल. विचारेल, मुंबईत असं कोण आहे, ज्याला हे नाव माहीत आहे."

"तिकडे पोरं धापा टाकत होती, आंटी."

"हो. निदान मला तरी ते कळायला हवं होतं."

शॅरनने फोन मागे घेतला. "पोचलीत आता खोकी वॉर्डात," ती नरमून म्हणाली. "तिथला एक म्हातारा स्वयंपाकी आला गोदामात, त्याने सांगितलं. स्टोअरवाला व्हिडिओ कॉल करतोय आत्ता. म्हातारा बसलाय बाजूला. जुमा की काय नाव."

इव्हा उठली. झग्याला हात पुसले, केस सारखे केले आणि मग फोन घेतला.

स्टोअरवाला तरुण, हसरा. टिन वॉर्ड कधीच पाडला, तिथे आता गाड्या उभ्या राहतात, असं त्याने इंग्रजीत सांगितलं. शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत टोपी घातलेला जुमा. तिला तो चटकन ओळखू आला, कारण त्याचे कान तसेच होते.

"जुमा विचारतोय, जीप चालवायची ती उंच सिस्टर तूच ना?" स्टोअरवाल्याने इंग्रजीत विचारलं; इव्हाची स्वाहिली तीस वर्षांत पुसून गेली होती.

"ती फिलोमिना. केरळची. मी बुटकी. दुसरी."

जुमा पुढे वाकला, डोळे बारीक करून बघत राहिला, मग त्याने मान हलवली.

"तो म्हणतो, सिस्टर पुष्कळ होत्या."

"हो," इव्हा म्हणाली. "होत्या पुष्कळ."

तेवढ्यात आवाज गेला. चित्र होतं, जुमाचे ओठ हलत होते, पण ऐकू काही येईना.

"थांब, परत लावते," शॅरन म्हणाली.

"राहू दे."

कारण पलीकडे जुमाने दोन बोटं कपाळाला लावून भुवया उंचावल्या होत्या. ताप कोणाला?

त्या पत्र्यांवर पाऊस कोसळायला लागला की शेजारच्याची ओरडही ऐकू यायची नाही. पावसाचे महिने सगळा वॉर्ड हातांच्या खुणांवर चालायचा. मूठ मिटून गालाशी धरली की बाळ झोपलंय, पाय हळू टाका. बोट ज्या दिशेला, त्या कोपऱ्यातली खाट.

इव्हाचा हात आपोआप वर गेला. करंगळी डावीकडे: शेवटची खाट. तळवा खाली खाली: ताप उतरतोय. मग अंगठा ओठांना टेकवून किंचित तिरका केला.

जुमा बोळकं पसरून हसला. खुर्चीच्या हाताला धरून सावकाश उठला आणि चित्राबाहेर गेला. स्टोअरवाला गोंधळून त्याच्या मागे बघत राहिला.

"कुठे गेला तो?" शॅरनने विचारलं.

"दूध आणायला."

"कोणाला?"

"शेवटच्या खाटेवरच्या पोराला," इव्हा म्हणाली. पट्टीचं टोक हातात तसंच धरून सहदेव जवळ आला. "वळखल्यान तुका?"

"नाही रे."

फोनवर रिकामी खुर्ची दिसत होती. बराच वेळ झाला तसा शॅरनने कॉल बंद करायला हात पुढे केला. इव्हाने फोन छातीशी ओढला.

"थांब गं जरा. स्वयंपाकघर लांब आहे तिथून."