हेडसरांचा लाडू

खडूचा चुरा आणि मास्तरांच्या खोलीतले किस्से, दोन्ही आपोआप साचतात. मोताळ्याच्या आमच्या हायस्कुलात साठच्या दशकात साचलेले मी अजून झाडतोय!

या किश्शांचं मूळ म्हणजे विज्ञानाचे वानखडे सर. उत्क्रांती मुलांना शिकवून झाली की ते आम्हा मास्तरांना शिकवायचे. "शरीर शिकाऱ्याचं, अन् बसणं-खाणं सावकाराचं! कसं जमंल?"

हेडसर म्हणाले, "म्हंजे आपले पूर्वज मास्तर नोयते. सुखी होते!"

*

पुढे हेडसरांनाच डायबिटीस निघाला. गोड सोडा, रोज चाला, नाहीतर डोळे जातील, असं डॉक्टरांनी बजावलं. आम्ही सगळे धसकलो. सर दुसऱ्याच दिवसापासून चालायला लागले. थेट बाजारातल्या जिलबीच्या दुकानापर्यंत!

वानखडे सरांनी रंगेहाथ पकडलं, तर म्हणतात, "आदिमानव चालून चालून उपाशी राह्यत होता काय?"

*

मग वानखडे सरांनी हेडसरांची खुर्चीच लपवली. "आदिमानवाले खुर्ची नोयती!"

नेमके तेव्हाच इन्स्पेक्टर आले. हेडसर उभे पाहून साहेब विरघळले. "अहो, बसा, बसा! एवढा मान कशाला?"

खुर्ची शोधायला अख्खी शाळा पळाली. व्यायाम झाला तो आमचा!

*

शेवटी वानखडे सर हेडसरांच्या बायकोकडे, वहिनींकडे गेले. "आदिमानवाले गोड भेटे, पण वणवण केल्यावर."

वहिनींनी लाडवाचा डबा घरातून हलवला आणि दोन कोसांवरच्या वावरात, शेतातल्या गुरांच्या कोठ्यात नेऊन टांगला. रोज गडी त्यात एकच लाडू ठेवणार. मनात आलं तर तेवढाही नाही!

एकदा सर तंगडतोड करून पोचले, तर डब्यात नुसते फुटाणे. आम्ही खोलीत खो खो हसलो. "मंग सर, उद्या जाता काय?"

"जातो ना! शिकार काय रोज भेटते?"

*

काही महिन्यांनी डॉक्टरांनी तपासलं. साखर उतरली होती, डोळे शाबूत होते. वहिनींना रडू आलं. डॉक्टर म्हणाले, "आता घरी एखादा लाडू चालेल."

वहिनींनी त्याच दिवशी डबा घरी आणून चुलीजवळच्या फळीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर डबा काखेत मारून निघाले.

"अहो, डबा कुठी नेता?"

"वावरात टांगून येतो वं," सर चपला घालत म्हणाले. "उद्या जायले नको काय?"