सातव्या होलचे सहा फटके

"खेळ शिकवता येतो. संस्कार कुठून आणायचे?"

सेक्रेटरी हे मला म्हणाले नाहीत. माझ्यासमोर, शेजारच्या बाईंना म्हणाले. माझं स्कोअरकार्ड त्यांच्या दोन बोटांत होतं, मेलेली पाल उचलावी तसं. अमरावतीबाहेरच्या त्या गोल्फ क्लबच्या व्हरांड्यात माणसं सरबत पीत होती. सगळ्यांनी ऐकलं. पायरीखाली माझी आई गवताचा भारा घेऊन उभी होती. तिनंही.

गोल्फमध्ये ज्याचे फटके कमी तो जिंकतो, आणि आपले फटके आपण लिहीत नाही. सोबत खेळणारी लिहिते, शेवटी आपण तपासून सही करायची. खऱ्यापेक्षा कमी आकड्याखाली सही केली की बाद. सातव्या होलला, म्हणजे सातव्या खड्ड्यात चेंडू घालायला, मला सहा फटके लागले. कार्डावर पाच होते. लिहिणारी क्लबमधल्या बड्या घरची मुलगी. मुद्दाम की चुकून, मला आजही माहीत नाही. तिनं बोट ठेवलं, "इथं कर." मी केली. पाहणाऱ्यांपैकी कोणीतरी सहावा फटका सांगितला, आणि मी बाद झाले.

वाचलं नाही. आमच्या घरात कोणीच वाचून सही केलेली नाही. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, शाळेत समोरचा बोट ठेवतो, आपण तिथं अंगठा नाहीतर नाव टेकवतो. वाचायला थांबलं की मागची रांग खेकसते. मी बारावी झालेली. पण हात आईचाच.

मी चार फटक्यांनी पुढे होते. एक चोरून काय करणार होते? हे कोणी विचारलं नाही.

याच क्लबनं वर्षभर आधी चौकात माझा फ्लेक्स लावला होता. 'आमची सुकन्या.' गवत काढणाऱ्या बाईची पोरगी, फेकून दिलेल्या स्टिकनं शिकली, राज्यात हौशी गटात पहिली आली. पेपरवाल्यांनी आईच्या हातात विळा देऊन फोटो काढला. व्हरांड्यातली माणसं मला नावानं हाक मारायची. जेवण मात्र मला मागच्या दाराशी मिळायचं. ते मी प्रेम समजून खाल्लं. बाद होण्यापेक्षा मला याची लाज जास्त आहे.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी टाइप केलेला कागद पुढे सरकवला. सही केली तर सहा महिन्यांनी परत खेळता येईल. नाही केली तर क्लब नाही. खेळाडूचा हँडिकॅप, म्हणजे खेळाची पातळी सांगणारा आकडा, क्लबच ठरवतो, आणि त्या आकड्याशिवाय कुठल्याच स्पर्धेत नाव घेत नाहीत.

आई म्हणाली, "दे न वं सही करून. कागदच त हाये."

मी या वेळी वाचला. मोठ्यानं. 'मी जाणूनबुजून फटका कमी दाखवला.'

"मी चोर हाओ असं लिवलं हाये, माय."

"लिवू दे. माहं काम जाईन."

सेक्रेटरी हसले. "आईला कळतं, तुला कळत नाही."

"मी वाचलं नाही, ही माझी चूक. तेवढं लिहा, सही करते."

"आता तू आम्हाला मजकूर सांगणार?"

"सही माही हाये न."

आईचं काम त्याच दुपारी गेलं.

आता आम्ही अकोल्यात, जठारपेठेमागं मावशीच्या एका खोलीत. आई लोकांची भांडी घासते.  एकदा कामावरून आल्यावर म्हणाली, "तुह्या नावानं चूल पेटते काय?"

 

पातूरच्या रस्त्याला, पीक निघालेल्या वावरात मी सराव करते. काळी माती उन्हानं फाटलेली. चेंडू भेगेत गेला की कोपरापर्यंत हात घालूनही सापडत नाही. चार उरलेत. राज्याच्या गोल्फ संघटनेला पत्रं लिहिली, कोणी उत्तर दिलं नाही. खेळायचं वय सरकतंय. कधी वाटतं, केली असती सही. हे लपवत नाही.

गेल्या आठवड्यात सेक्रेटरींचा फोन आला. स्पर्धा जवळ आली, त्यांच्याकडे जिंकणारी कोणी नाही. कागद तोच, फक्त सहा महिने थांबायचं नाही. सही केली तर आईचं कामही परत. आईनं फोन माझ्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड केलं.

मी म्हटलं, "'जाणूनबुजून' खोडा."

"शेवटची संधी आहे."

"मग ती तुमच्याजवळच ठेवा."

आई वळली नाही. कदाचित कधीच वळणार नाही. तरीही सही नाही. स्पर्धेच्या सकाळी मी क्लबच्या फाटकावर उभी राहीन. आत घेऊ नका, सेक्रेटरीसाहेब. येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगेन, इथली सगळ्यात चांगली खेळाडू बाहेर का उभी आहे. पुढच्या वर्षीही सांगेन. पोलीस बोलावलेत तर त्यांनाही.